दाजी, रिंग बसली

दाजी, तुमची दुसरी रिंग मी काल बसवली. तुम्ही शिकवलं होतं तसं आधी उलटी फिरवून आटे जुळवून घेतले, मग सरळ फिरवली, तर शेवटपर्यंत कुठंही न अडखळता गेली. कॅमेरा दुकानाच्या दाराशी नेला. कॅमेऱ्याच्या पाठीमागच्या दुधी काचेत रस्त्यापलीकडचा लिंब पानापानानं दिसला, त्याच्या मागचा रेल्वेचा सिग्नलही दिसला. ज्या लांबच्यासाठी मी तुमचं डोकं खाल्लं ते सगळं दिसलं. तुम्ही असता तर नुसतं "मग?" म्हणाला असता आणि तंबाखू मळायला घेतली असती.

हीच रिंग सगळी लग्नसराईभर माझ्या टेबलाच्या खणात पडून होती. बसवायला कपातला चहा निवण्याइतकाही वेळ लागला नाही. हे तुम्हाला सांगायचं होतं, म्हणून लिहायला बसलोय.

आक्का माझी थोरली बहीण, म्हणून तुम्ही दाजी आणि मी तुमचा पाव्हणा. चिंचवडच्या माझ्या फोटो स्टुडिओत, माझ्याच खुर्चीवर बसून, माझ्याच गिऱ्हाइकांसमोर तुम्ही मला "पाव्हणं" अशी हाक मारायचा. नवीन माणूस तुम्हालाच मालक समजायचा आणि तुम्ही त्याचा गैरसमज कधी दूर केला नाही. एकदा लग्न ठरलेला एक मुलगा फोटो काढायला आला होता. त्याला तुम्ही सांगितलंत, "गोरं काढू, काळजी नगं. पन नंतर नवरी फसली तर आमच्याकडं यायचं न्हाई." तो असा खळखळून हसला, की मी तेवढ्यात फोटो काढून घेतला. त्याच्या घरच्यांनी त्याच फोटोच्या आणखी प्रती करून नेल्या. मी मात्र तुम्हाला म्हणालो होतो, गिऱ्हाइकांशी तुम्ही बोलत जाऊ नका.

मी तापट आहे हे तुम्हाला लग्नाच्या मांडवातच कळलं होतं. तुम्ही तसे नव्हता, म्हणून माझा ताप तुमच्यावर निघायचा.

ती लेन्स आणली मीच. तुम्ही चाकणजवळचं गाव सोडून पिंपरीच्या नव्या कारखान्यात लेथवर लागलात, आणि त्याच वर्षी मी पुण्याच्या जुन्या बाजारातून ती उचलली. लढाईनंतर लष्कराचा माल भंगारात निघाला होता, त्यातली. विकणारा म्हणाला, विमानातल्या कॅमेऱ्याची आहे. खरं-खोटं त्यालाच माहीत. काच मात्र अशी नितळ, की हातात घेतल्यावर खाली ठेवावीशी वाटेना. घरी आणली आणि पंचाईत झाली. माझ्या कॅमेऱ्याला लेन्स आट्यांनी बसते, बरणीच्या झाकणासारखी. हिच्या मागं आटे नव्हतेच. तीन कान होते, खाचेत घालून पाव वळसा द्यायचे. तुम्ही ती उलटसुलट करून पाहिलीत आणि म्हणालात, "हा जावई दुसऱ्याच घरचा हाय. आपल्या दारात असा बसायचा न्हाई. मधी कुनीतरी बोलनी करायला पायजे."

ती बोलणी म्हणजे रिंग. एका अंगाला लेन्सचे तीन कान धरणाऱ्या खाचा, दुसऱ्या अंगाला माझ्या कॅमेऱ्याचे आटे. तुम्ही साहेबांना विचारून, सुट्टी झाल्यावर थांबून, पितळेच्या गोळ्यातून ती काढलीत. पहिली रिंग घेऊन आलात तेव्हा आक्काही सोबत आली होती. बसवून बघितली. लेन्स बसली झकास, पण रिंग जाड झाली होती. लेन्स कॅमेऱ्यापासून जितकी लांब सरकते तितकं जवळचं दिसतं आणि लांबचं पुसट होत जातं, हे मी तुम्हाला आधीच सांगितलं होतं, की सांगितलंच नव्हतं, मला आता आठवत नाही. तेव्हा मात्र मी छातीठोक म्हणालो की सांगितलं होतं. हातभर अंतरावरचं माणूस पापणीच्या केसासकट दिसे, आणि दहा पावलांवर सगळी भाजी.

नेमकी त्याच वेळी एका लग्नाची मंडळी दुकानात आली होती. त्यांच्यादेखत, आक्काच्या देखत, मी म्हणालो, "एवढं पितळ फुकट घालवलंत, दाजी. ही रिंग काय चाटायची? माझं पोट लग्नाच्या वऱ्हाडावर आणि कारखान्याच्या ग्रुपफोटोवर चालतं. वऱ्हाडाला काय मांडीवर घेऊन फोटो काढू?"

मंडळी हसली. तुम्हीही हसलात. आक्का हसली नाही.

जाताना तुम्ही रिंग टेबलावर ठेवलीत आणि म्हणालात, "दुसरी करतो. पन हिला टाकू नगा, पाव्हणं. कवातरी जवळचं बघायची पाळी येती." पुढं कितीतरी दिवस आपला हाच वाद चालला. मी म्हणायचो, फोटो म्हणजे सगळं आलं पाहिजे, माणूस, त्याची माणसं, मागचं घर. तुम्ही म्हणायचा, "घर कुटं पळून चाललंय? मानसाचा फोटू जवळून काढावा. आई पोराकडं बघती तेवढ्या जवळून." मी म्हणायचो, तुम्हाला धंदा कळत नाही. वाद तिथंच अर्धवट राहिला. तुमच्या बाजूचं बोलणं आता मलाच करावं लागतं, आणि ते मला तुमच्याइतकं जमत नाही.

ती रिंग मी टाकली नाही, पण तिचा मान ठेवला असंही नाही. डार्करूमचं दार वाऱ्यानं उघडू नये म्हणून खालच्या फटीत अडकवून ठेवली.

कुठलीही लेन्स असो, दुधी काचेवर फोकस बरोबर दिसला तरी भागत नाही. ती काढून तिथं फोटो उमटायची काचेची प्लेट सरकवली की केसाएवढा फरक पडतोच, म्हणून खरी प्लेट खर्चून बघावं लागतं. त्यासाठी समोर कुणीतरी पाटी धरून उभं राहायचं, पाटीवर खडूनं अक्षरं काढायची, आणि प्लेट धुऊन ती अक्षरं किती रेखीव आलीत ते तपासायचं. तो माणूस तुम्ही. मुदत संपलेल्या कितीतरी प्लेटा मी तुमच्यावर घातल्या. हात लांब करून उभे, पाटी छातीशी धरून उभे, पडद्यापाशी, दारात, रस्त्यात. मी काळ्या कापडाखाली डोकं घातलं की तुमची बडबड सुरू. पाटीवर "आज वांगं" लिहायचा, कधी "मेहुणा तापलाय". सगळ्या प्लेटांत तुमचं तोंड होतं. मी फक्त पाटी बघत होतो.

आणि वापरलेल्या प्लेटांचं आम्ही काय करतो, हेही तुम्ही बघितलं होतंत. सगळेच फोटोवाले करतात. धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्यात घालायच्या, वरचा थर फुगला की लाकडाच्या पट्टीनं खरवडायचा, स्वच्छ काच निघाली की ती फ्रेमला लावायची. एकदा मी हौदापाशी बसून तुमच्याच चार-दोन प्लेटा खरवडत होतो आणि तुम्ही मागून आलात. "माझं तोंड धुताय व्हय, पाव्हणं? जरा साबन लावा की." मीही हसलो.

दुसरी रिंग तुम्ही आक्काच्या जुन्या लुगड्याच्या चिंधीत गुंडाळून आणलीत. तेव्हाच तुम्ही दोघांनी ठरवून टाकलं होतं. तुमचं लग्न गावाकडं झालं, तिथं कसला फोटोवाला? त्यानंतरही तुम्ही कधी नीट बसला नाहीत. मी म्हणालो की म्हणायचा, "मी हाय की हितं, फोटू कशाला?" पण नवीन अवजाराचं पहिलं काम शुभ असावं, ही तुमची जुनी रीत. नवीन टूल लेथला लावलं की पहिलं काम तुम्ही देवघरातल्या समईचं काढायचा. म्हणून या लेन्सचा पहिला फोटो जोडप्याचा, तो तुमचा आणि आक्काचा, असं ठरलं. आक्कानं त्यासाठी हिरवं लुगडं घेतलं. फोटोच्या दिवशीच घडी मोडीन म्हणाली.

मी रिंग खणात टाकली. लग्नाच्या तारखांवर तारखा होत्या. जुन्या लेन्सवर काम चाललं होतं, आणि चालत्या कामात नवीन खटपट नको, असं मी म्हणालो. ते खोटं नव्हतं. पण खरं हेही होतं, की ही रिंगही चुकली तर, असं मला वाटत होतं, आणि चुकली नाही तर तुम्ही माझ्या दुकानात वर्षभर फुशारकी मारणार, असंही वाटत होतं. कारखान्याला सुट्टी असली की तुम्ही यायचा. बसायच्या आधी विचारायचा, "बसवली का?" मी म्हणायचो, पुढच्या वेळी. तुम्ही म्हणायचा, "व्हय, घाई न्हाई."

शेवटच्या वेळी आलात तेव्हा तुम्ही विचारलंच नाहीत. चहा घेतलात, आक्काच्या पाठदुखीचं सांगितलंत, कारखान्यातल्या नवीन पोराची नक्कल करून दाखवलीत. उठताना एकदा खणाकडं बघितलंत आणि चपला घातल्यात. मला ते बघणं दिसलं होतं, दाजी. मी फोटोवरचे डाग झाकायचा रिटचिंगचा ब्रश उचलून कामात असल्याचं दाखवलं. ती एकच गोष्ट परत करायला मिळावी असं मला रोज वाटतं.

त्याच आठवड्यात फ्रेमच्या काचा संपल्या आणि मी तुमच्या उरलेल्या सगळ्या प्लेटा सोड्यात घातल्या. घाईत होतो. त्यानंतर तुम्ही पहिली पाळी करून घरी आलात, पाय धुतलेत, आक्काकडं पाणी मागितलंत, आणि ती तांब्या घेऊन येईपर्यंत सगळं संपलं होतं.

पवनेकाठी तुम्हाला अग्नी देऊन परत आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी आक्कानं मला जवळ बोलावलं. तेराव्याला फोटो ठेवायचा होता. "सदा, तुझ्याकडं त्यांचे लई फोटू असत्याल. पाटी धरलेले. त्यातला एक चांगला मोठा कर. पाटी दिसली तरी चालंल." तिला वाटत होतं, सगळ्या जगात तिचं नशीब एवढ्यापुरतं तरी चांगलं, की भाऊ फोटोवाला आहे. मी म्हणालो, शोधतो. घरी आलो आणि शोधलंही. जे मी माझ्या हातानं खरवडलं होतं ते मी पेट्यांमागं, माळ्यावर, पडद्याच्या वळकटीत शोधलं. पुन्हा गेलो तेव्हाही "शोधतोय" म्हणालो. तिनं त्यावर माझ्यासाठी भाकरी टाकली. ती मी खाल्ली, हेही तुम्हाला सांगून टाकतो.

मग पिंपरी कॅम्पातला कापडवाला आला. फाळणीत सिंध सोडून आलेलं कुटुंब. वडिलांचा एकच फोटो सोबत आणलेला, त्याची फ्रेम त्यानं माझ्याकडून करून घेतली होती. फ्रेम टेबलावर ठेवून तो म्हणाला, "मास्टरजी, बुरा मत मानना. हमारे बाबा के कंधे पर ये किसका हाथ है?"

मी फ्रेम खिडकीशी नेली. काचेच्या एका कोपऱ्यात थर नीट निघाला नव्हता. अंगठा आणि तीन बोटं, आणि पाटीची कड. पहिल्या जाड रिंगच्या वेळची प्लेट असणार, कारण हात जवळून घेतलेला होता आणि बोटाच्या पेरावरच्या रेघासुद्धा दिसत होत्या. अंगठ्याचं नख अर्धं चिरलेलं. ते नख लेथवर कधी गेलं ते आक्काला ठाऊक असेल, मला तुमचा हात त्या नखासकटच माहीत होता. तुम्ही अनोळखी म्हाताऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून उभे होता.

"माझ्या दाजींचा," मी म्हणालो, पण फ्रेम काही हातातून सोडली नाही. त्या माणसानं मला स्टुलावर बसवलं, माझ्याच माठातलं पाणी मला दिलं. सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाला, काच ठेवून घ्या, आमच्या बाबांना दुसरी लावा, घाई नाही. तुमचाच शब्द त्यानं वापरला.

ती काच रुमालात गुंडाळून मी आधी आक्काकडं गेलो. ती सूप घेऊन तांदूळ निवडत होती. मी उभ्याउभ्याच सांगून टाकलं. प्लेटा धुतल्या. फ्रेमला लावल्या. तोंड कुठंच उरलं नाही.

"समद्या?" तिनं विचारलं.

"सगळ्या."

"मी इचारलं तवा ठावं हुतं तुला?"

"हो."

सूप तिच्या मांडीवर तसंच राहिलं. मग म्हणाली, "धुताना त्यांनी कवा बघितलं हुतं?"

"एकदा."

"काय म्हनले?"

"साबण लावा म्हणाले."

तिला हसू आलं, दाजी. तोंडावर पदर धरून हसली आणि त्यातच रडायला लागली. तुम्ही गेल्यापासून ती माझ्यासमोर रडली नव्हती. मी काच दाखवायला रुमाल सोडू लागलो, तर तिनं हातानंच जा म्हणून खूण केली. मी निघालो. तिनं मला हाक मारली नाही.

काचेवरच्या त्या कोपऱ्याचा कागदावर ठसा घेतला तर हात उमटला, पण अंगठ्याच्या पेराएवढा लहान आणि फिकट. मोठा करायचं यंत्र माझ्याकडं नाही, त्यासाठी पुण्याला द्यावा लागतो. द्यायचा धीर झाला नाही. तुमचं जे काही उरलं होतं ते माझ्या नजरेआड करायची आता माझी हिंमत नव्हती. मग राहिला एकच उपाय. त्या छोट्या ठशाचाच अगदी जवळून फोटो घ्यायचा. माझी नेहमीची लेन्स इतक्या जवळ जात नाही. तुमची दुसरी रिंग तर लांबचं दिसावं म्हणूनच पातळ केलेली.

मी डार्करूमच्या दाराखालची पहिली रिंग काढली. कडेला दाराचा रंग लागला होता, खाचेत केर बसला होता. रॉकेलमध्ये धुतली, जुन्या दातब्रशनं आटे साफ केले. लेन्सचे तीन कान खाचेत घातले, पाव वळसा दिला. दुधी काचेवर तुमचा हात आला, मोठा होत होत जाग्यावर थांबला, आणि चिरलेलं नख लख्ख दिसलं. जी रिंग मी चारचौघांत फुकट घालवलेलं पितळ म्हणालो, तिच्यावाचून हे झालं नसतं. काळ्या कापडाखाली मी बराच वेळ थांबलो. समोर बडबड करणारं कुणी नव्हतं.

तेराव्याला फ्रेम घेऊन गेलो. चाकणकडचे तुमचे भाऊबंद आले होते. पाटावर तोंडाचा फोटो नाही, नुसता हात, हे बघून एका चुलत्यानं कपाळाला आठ्या घातल्या. "हे काय? असा कुनी फोटू ठेवतं व्हय?" आक्कानं फ्रेम घेतली, पदरानं पुसली. मग म्हणाली, "त्यांचाच हाय," आणि गंध लावलं. हिरवं लुगडं ट्रंकेत घडीचं घडीतच आहे. मला ट्रंकेकडं बघवत नाही.

दुसऱ्या दिवशी मी खिळा मारायला गेलो. फोटो लावतात तसा वर, छताजवळ मारणार होतो. आक्का म्हणाली, "तिथं नगं. हाताशी लाव." म्हणून चुलीच्या बाजूच्या भिंतीला, बसल्या बसल्या हात पोचेल असा लावलाय. हारही ती घालत नाही, हारानं बोटं झाकतात म्हणते.

आता मी सुट्टीच्या दिवशी तिच्याकडं जातो. तुम्ही माझ्याकडं यायचा, ती वेळ मला दुकानात काढवत नाही. तिनं मला माफ केलं का, मी विचारलेलं नाही. ती जेवायला वाढते, आणि मी पाट असा सरकवून घेतो की पाठ त्या भिंतीकडं येते. तिला कळत नसेल असं मला वाटलं होतं.

काल रिंग बसवली आणि तिला सांगायला गेलो. म्हणालो, आक्का, दुसरी रिंग बसली, लांबचं सगळं दिसतं. तिनं ऐकलं. ताटात आमटी वाढली. मग हातातला डाव खाली ठेवून म्हणाली, "सदा, हिकडं तोंड करून बस. तुझ्या दाजींचाच हात हाय. मारायचा न्हाई."

मी पाट वळवला आणि जेवलो.